शिखर क्रमांक पंधरा आणि राधानाथ सिकदार

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात झालेल्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले होते. मी राधानाथ सिकदारांवर बोलले होते. भाषणाची सुरुवात मी मोठ्या झोकात केली होती. १८५२ सालची सकाळ, देहरादूनची कचेरी, मोठे साहेब टेबलाशी बसलेले, आणि धापा टाकीत एक बंगाली बाबू आत शिरतो व जगातले सर्वांत उंच शिखर आपल्याला सापडल्याचे सांगतो. हे सांगताना मी हात छताकडे उंचावला होता. टाळ्या पडल्या. बक्षिसाचा कप घरी नेला तेव्हा मायने तो धुऊन, पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. आमच्या घरात आलेला तो पहिला कप.

वाचकहो, ती हकीकत खरी नाही. निदान मी सांगितली तशी ती घडणे शक्य नव्हते. राधानाथ १८४९ सालीच बदली होऊन कलकत्त्याला गेले होते आणि त्यांचे साहेब, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे मुख्य अँड्र्यू वॉ, त्या सुमारास देहरादूनला होते. कलकत्ता ते देहरादून हे अंतर काही धापा टाकीत ओलांडण्याजोगे नाही. मी ती गोष्ट सामान्यज्ञानाच्या एका मार्गदर्शकात वाचली होती आणि छापलेले ते खरे, असे धरून चालले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पुस्तक उघडलेले नाही, त्यामुळे छापील अक्षराचा आम्हाला धाक जरा जास्तच. यंदा ग्रंथालयात बसून थोडे वाचले तेव्हा तारखांचा हा घोळ माझ्या लक्षात आला. टाळ्या परत करता येत नाहीत. म्हणून हा लेख.

या कथेचा आरंभ आमच्या हिंगणघाटापाशी आहे हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यातच. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, पराटीच्या बियाण्यासाठी आम्ही तिथेच जातो. त्याच हिंगणघाटात २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी नागपूरकडे जात असता वारला. वय सत्तरीच्या घरात. त्याची कबर तिथेच आहे. मी लहानपणापासून एस. टी.ने त्या गावात शेकडो वेळा उतरले असेन, पण या वर्षी पहिल्यांदा त्या कबरीपुढे जाऊन उभी राहिले.

हा लॅम्बटन कोण? तर १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने सात मैलांहून लांब अशी एक सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली आणि त्या रेषेतून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा जन्म झाला. तत्त्व साधे आहे. एका त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर नीट मोजून घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे वा देवळाच्या कळसाकडे यंत्रातून पाहून कोन मोजायचे. मग उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या चालत जाऊन मोजाव्या लागत नाहीत. त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. अशी त्रिकोणांची माळ गुंफीत गुंफीत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत होता. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटून वाकले. ते त्याने सहा आठवडे खपून स्वतःच्या हाताने सरळ केले. एवीस वर्षे हे काम करून म्हातारा आमच्या कापसाच्या मुलखात येऊन थांबला.

त्याच्या जागी आला त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट. बुद्धी तल्लख, स्वभाव जमदग्नीचा. प्रकृती बिघडल्याने तो १८२५ साली विलायतेला गेला आणि १८३० मध्ये नवी यंत्रे घेऊन, सर्व्हेयर जनरल होऊन परतला. यंत्रे आली, पण त्यांतून निघणारे आकडे सोडवणारी माणसे कुठून आणायची? गोलीय त्रिकोणमिती जाणणारा तरुण त्याला हवा होता. त्याने कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात चौकशी केली. तिथले गणिताचे अध्यापक जॉन टायटलर यांनी एका विद्यार्थ्याचे नाव सुचवले. ते राधानाथ सिकदारांचे होते.

राधानाथांचा जन्म कलकत्त्याच्या जोडासाँको भागात ऑक्टोबर १८१३ मधला. रवींद्रनाथांचा वाडा ज्या वस्तीत, तीच ही वस्ती. पण सिकदारांची परिस्थिती बेताची होती. वडिलांचे नाव तितुराम. घर ब्राह्मणाचे, तेव्हा अक्षरशत्रू नव्हे. ते आणि मी एका वाटेचे असे म्हणण्याचा मोह मला झाला होता, पण ते खरे होणार नाही. १८२४ साली ते हिंदू कॉलेजात दाखल झाले. पुढे दोनच वर्षांनी तिथे हेन्‍री डिरोझिओ हा सतरा वर्षांचा शिक्षक आला, आणि त्याने कॉलेजातल्या मुलांना प्रश्न विचारण्याचे व्यसन लावले. जात कशाला, मूर्ती कशाला, बायकांना शिक्षण का नाही, असे ते प्रश्न. या मुलांना पुढे ‘यंग बंगाल’ म्हणून ओळखू लागले. राधानाथ त्यांतलेच एक. सनातनी मंडळींनी १८३१ मध्ये डिरोझिओची नोकरी घालवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो कॉलऱ्याने वारला. वय अवघे बावीस. त्याच डिसेंबरच्या १९ तारखेला राधानाथ सर्वेक्षण खात्यात रुजू झाले होते. गुरू गेला त्या आठवड्यात शिष्याची नोकरी नवीन होती.

नोकरीचे पद होते कॉम्प्युटर. आज आपण ज्या यंत्राला कॉम्प्युटर म्हणतो त्याचे नाव तेव्हा माणसाला होते. गणिते सोडवणारा माणूस, गणक. राधानाथांना अठरावे वर्ष सरून दोन महिने झाले होते. मी आज एकोणीस वर्षांची आहे. खरे म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एकोणीस. माझी जन्मतारीख एक जून आहे, जशी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींची आहे, कारण नाव घालायला नेले तेव्हा गुरुजींनी जी लिहिली ती. राधानाथांनी या वयात न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ अभ्यासलेला होता. मला दहावीत गणितात काठावर गुण मिळाले, आणि अकरावीत कला शाखा घेण्यामागे गणितापासूनची सुटका हे एक कारण होते हे मी लपवून ठेवीत नाही.

देहरादूनच्या परिसरात राधानाथ एव्हरेस्टच्या हाताखाली काम करू लागले. पाठ केलेल्या सूत्रांत आकडे भरून देणारे ते गणक नव्हते. जिथे रीत अपुरी पडे तिथे ते स्वतःची रीत बसवीत. एव्हरेस्टने वरिष्ठांना कळवले होते की गणितात या माणसाची बरोबरी करणारे हिंदुस्थानात, मग ते एतद्देशीय असोत की युरोपियन, फार थोडे सापडतील. अशा तोंडफाटक्या साहेबाकडून हे शब्द निघणे सोपे नव्हते. पण या कौतुकाची दुसरी बाजूही होती. पगार बेताचा, राहणे तंबूत, घर दूर. बरोबरीचे लोक डेप्युटी कलेक्टरसारख्या जागा मिळवून निघून जात होते. राधानाथांनीही तसा अर्ज केला. तेव्हा एव्हरेस्टने, वरिष्ठाच्या संमतीशिवाय एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाता येणार नाही, अशी तजवीज सरकारकडून करून घेतली. राधानाथ अडकले. माणूस फार कामाचा असला की त्याला मोठे करण्यापेक्षा जागेवर ठेवणेच मालकाच्या सोयीचे असते. आमच्याकडे सालदाराच्या बाबतीत हे नेहमी पाहायला मिळते.

याच साहेबाने राधानाथांच्या वडिलांना मात्र एक पत्र धाडले होते. आपण देहरादूनला यावे, असा मुलगा दिल्याबद्दल आपला सन्मान करण्याची संधी मला मिळावी, आणि इथे वरिष्ठांत व बरोबरीच्यांत त्याला किती मान आहे हे आपण डोळ्यांनी पाहावे, असा त्याचा आशय. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आमचे बाबा एकदाच कॉलेजात आले, प्रवेशाच्या वेळी, आणि फाटकाबाहेरच्या लिंबाखाली सायकल धरून उभे राहिले. आत या म्हटले तर कपडे शेतातले आहेत म्हणाले.

आता मी ज्या प्रसंगाकडे येते आहे, तो माझ्या बक्षीसपात्र भाषणात नव्हता. मला तो माहीतच नव्हता. १८४३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सर्वेक्षण खात्याकडे ओझी वाहणारे अनेक मजूर असत. ती अवजड यंत्रे, तंबू, खांब डोंगरावर कोण चढवणार? देहरादूनचा मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट याने खात्याच्या मजुरांना आपल्या खाजगी ओझ्यासाठी राबवले. साहेबाला हवे तेव्हा गरिबाने डोके पुढे करायचे, हा त्या काळचा शिरस्ताच होता. राधानाथांनी त्याला हरकत घेतली, आणि तोंडी नाराजी दाखवून ते थांबले नाहीत; साहेबाचे सामान त्यांनी अडवून ठेवले. एका काळ्या बाबूने जिल्ह्याच्या मालकाचे सामान अडवायचे म्हणजे काय, याची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. प्रकरण कोर्टात गेले. राधानाथांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे रामगोपाल घोष यांच्या ‘बेंगॉल स्पेक्टेटर’ या पत्राने सारी हकीकत छापून काढली.

माझी आजी सांगते, तिचे सासरे मालगुजाराच्या वाड्यावर वेठीला जात. बोलावणे आले की हातातला घास टाकून निघायचे. लाकडे फोडायची, पाहुण्यांच्या पेट्या डोक्यावरून न्यायच्या, परतताना हातात काही नाही. तिला मी हा देहरादूनचा प्रसंग सांगितला तर आधी तिचा विश्वासच बसेना की असे ओझे कोणी अडवले असेल.

त्याच १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त होऊन विलायतेला गेला. ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण ज्या शिखराला त्याचे नाव मिळाले ते मोजणीत आले त्यानंतर. त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला आणि खात्याची दुर्बीण हिमालयाकडे वळली. नेपाळ दरबार इंग्रजांना आत शिरू देत नव्हता. त्यामुळे शिखरांजवळ जाऊन मोजण्याचा प्रश्नच नव्हता. ती उत्तर बिहारच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैल अंतरावरून मोजायची. तराईचा तो मुलूख म्हणजे मलेरियाचे आगर. १८४७ मध्ये वॉने कांचनगंगेच्या पलीकडे एक उंच टोक पाहिले होते. दुसऱ्या वर्षी पाठवलेल्या माणसाला ढगांनी काही दिसू दिले नाही. अखेर १८४९ च्या हिवाळ्यात निकल्सन या अधिकाऱ्याने सहा ठिकाणांहून त्या टोकाचे वेध घेतले आणि स्वतः तापाने आजारी पडला. शिखरांना तेव्हा रोमन आकड्यांनी ओळखीत. या टोकाचा क्रमांक होता पंधरा.

वेध घेतले म्हणजे उंची मिळाली असे नव्हे. खरे गणित तिथून पुढे सुरू होते. पाण्याच्या गुंडात काठी बुडवली की ती वाकलेली दिसते, हे आपण पाहिलेले आहे. तसाच दूरच्या शिखरावरून निघालेला किरण हवेच्या कमी-अधिक दाट थरांतून येताना वाकतो आणि शिखर असते त्याहून उंच भासते. किती उंच, हे हवेच्या उष्णतेवर आणि दाबावर अवलंबून. सकाळी वेगळे, दुपारी वेगळे. शिवाय पृथ्वी गोल असल्याने दूरचे शिखर क्षितिजाखाली थोडे दडते, तो हिशेब उलट बाजूने. आणि सपाटीवरच्या ज्या ठिकाणाहून पाहिले, त्याची स्वतःची समुद्रसपाटीपासूनची उंची आधी ठाऊक असली पाहिजे. या सगळ्या दुरुस्त्या न करता पंधरा क्रमांकाची उंची तीस हजार फुटांच्या वर जात होती. किरणाच्या वाकण्याचा आणि हवेच्या दाबाचा हिशेब हा राधानाथांच्या खास अभ्यासाचा प्रांत. कलकत्त्याला मुख्य गणक म्हणून गेल्यावर १८५२ पासून तिथल्या वेधशाळेचे कामही त्यांच्याकडे आले, आणि निरनिराळ्या उष्णतेत घेतलेले दाबमापकाचे आकडे एका मापावर आणण्यासाठी त्यांनी स्वतःची सूत्रे तयार केली होती.

सहा ठिकाणांहून निघालेल्या उंच्या पुढे छापल्या गेल्या. जिरोल २८,९९१.६ फूट, मिर्झापूर (उत्तर प्रदेशातले नव्हे, बिहारातले) २९,००५.३, जोआफपती २९,००१.८, लदनिया २८,९९८.६; हरपूर २९,०२६.१, मिनाई २८,९९०.४. आपल्याकडे एक किस्सा फार लोकप्रिय आहे. म्हणे उंची नेमकी २९,००० फूट आली. पण असा गोल आकडा पाहून लोकांना तो अंदाजपंचे वाटेल, म्हणून साहेबांनी वर दोन फूट चढवून २९,००२ जाहीर केले. मीही भाषणात हा किस्सा सांगून हशा मिळवला होता. यंदा मी वहीच्या मागच्या पानावर या सहा आकड्यांची सरासरी स्वतः काढली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. २९,००२.३ आली. कोणी चढवलेले ते दोन फूट नव्हते. गणितापासून पळालेल्या मला त्या दिवशी जो आनंद झाला तो कपाच्या वेळी झाला नव्हता. आज उपग्रहांच्या साहाय्याने नेपाळ व चीन यांनी मिळून २०२० साली जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. शंभर मैलांवरून, हाताने गणित करून, तापाने फणफणत काढलेल्या त्या आकड्याशी तिचा फरक जेमतेम तीस फुटांचा.

मग हे गणित कोणी केले? या प्रश्नाला मी भाषणात दिले तसे एका नावाचे उत्तर देता येत नाही. वेध निकल्सनचे. देहरादूनच्या कचेरीत हेनेसी व इतर गणक या आकड्यांवर काम करीत होते. कलकत्त्याला मुख्य गणक राधानाथ. १९०४ साली सर्वेक्षण खात्याच्या सिडनी बरार्ड या अधिकाऱ्याने ‘नेचर’ या विज्ञानपत्रात लिहिले की १८५२ च्या सुमारास कलकत्ता कचेरीच्या मुख्य गणकाने वॉ साहेबाला कळवले, पंधरा क्रमांकाचे शिखर आजवर मोजलेल्या सर्वांहून उंच आहे. बरार्डने पद लिहिले, माणसाचे नाव लिहिले नाही. त्या कोऱ्या जागेतच पुढे धावत येणाऱ्या बाबूची गोष्ट वाढली असावी असे मला वाटते. राधानाथांनी एकट्याने शिखर शोधले हे खरे नाही आणि राधानाथांचा त्याच्याशी संबंध नाही हेही खरे नाही. ती अनेकांची, बरीच वर्षे चाललेली कामगिरी होती आणि तिच्यातल्या सर्वांत जाणत्या गणकांपैकी ते एक होते. एवढे म्हटल्याने त्यांचे काही कमी होते असे मला वाटत नाही.

नावाची कथा याहून विलक्षण. वॉने चार वर्षे आकडे पुन्हा पुन्हा तपासून मार्च १८५६ मध्ये उंची कळवली आणि त्याच वेळी सुचवले की या शिखराला आपल्या माजी वरिष्ठाचे नाव द्यावे. स्थानिक नावे जपावीत हा खुद्द एव्हरेस्टचा दंडक होता. म्हणून तर कांचनगंगा कांचनगंगा राहिली आणि धवलगिरी धवलगिरी. वॉचे म्हणणे पडले की या शिखराला स्थानिक नाव असल्यास ते आपल्याला कळण्याची सोय नाही, कारण नेपाळात जाता येत नाही. काठमांडूला पूर्वी रेसिडेंट राहिलेल्या ब्रायन हॉजसन याने लगेच आक्षेप घेतला आणि ‘देवढुंगा’ हे नाव पुढे केले. दुसऱ्या कोणी ‘गौरीशंकर’ म्हटले. पण तो वेगळाच डोंगर निघाला, हे १९०३ साली कॅप्टन वुडने नेपाळात जाऊन पक्के केले. आणि उत्तरेच्या बाजूचे तिबेटी लोक तर त्याला पिढ्यान्‌पिढ्या चोमोलुंग्मा म्हणत आले होते. हे नाव अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच चीनमध्ये केलेल्या नकाशांवर आणि त्यांवरून पॅरिसमध्ये छापलेल्या नकाशावर उमटले होते. म्हणजे इंग्रजांनी क्रमांक देण्याआधी शंभर वर्षे ते कागदावर होते.

सर्वांत मौजेची गोष्ट ही की खुद्द जॉर्ज एव्हरेस्टला हे पसंत नव्हते. हिंदी वा फारसीत आपले नाव नीट लिहिता येणार नाही आणि तिथल्या लोकांच्या तोंडी ते बसणार नाही, असे त्याने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे सांगितले. सोसायटीने १८६५ साली तेच नाव कायम केले, आणि दुसऱ्याच वर्षी तो वारला. त्याची भीती अर्धी खरी ठरली. तो स्वतः आपल्या नावाचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा करी. साऱ्या जगाने तो बदलून टाकला. पण तोंडी बसणार नाही हे मात्र चुकले. माझ्या निरक्षर आजीला एव्हरेस्ट म्हणजे काय विचारले तर ती फळीवरची मसाल्याची पुडी दाखवते.

नेपाळात इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘सगरमाथा’ हे नाव लेख लिहून पुढे आणले आणि नंतर सरकारने ते स्वीकारले. यातला सगर म्हणजे सागर नव्हे. नेपाळीत सगर म्हणजे आकाश, आणि माथा तर आपल्याच मराठीतला. शिखराच्या दक्षिणेचा हजारावर चौरस किलोमीटरचा मुलूख १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९७९ साली जागतिक वारशात गेला. त्या उद्यानात शेर्पांची गावे आहेत. १९५३ साली तेनसिंग नोर्गे आणि हिलरी शिखरावर पोहोचले ते याच बाजूने. शेर्पांच्या बोलीत ते आजही चोमोलुंग्माच आहे.

राधानाथांच्या वाट्याला नावापेक्षा नाव पुसणेच आले. थुइलिए आणि स्मिथ या अधिकाऱ्यांनी १८५१ साली हिंदुस्थानातल्या सर्वेक्षणावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला अवघड गणिती भाग राधानाथांचा होता आणि पहिल्या दोन आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत तशी स्पष्ट कबुली होती. १८७५ साली तिसरी आवृत्ती निघाली. मजकूर होता, कबुली गेली. राधानाथ तेव्हा हयात नव्हते. १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्राने यावर कोरडे ओढले आणि याला मृताच्या घरची चोरी ठरवले. इंग्रजांच्याच पत्रात, इंग्रजांविरुद्ध हे छापून आले, हेही नमूद केले पाहिजे.

शिखर जाहीर होण्यापूर्वी, १८५४ मध्ये, राधानाथांनी आपले मित्र प्यारीचाँद मित्र यांच्याबरोबर ‘मासिक पत्रिका’ नावाचे बंगाली मासिक काढले होते. ते पंडितांसाठी नव्हते. घरातल्या बायकांना आणि बेताचे लिहिता-वाचता येणाऱ्यांना कळेल अशा बोलीच्या भाषेत ते लिहिले जाई. त्या काळचे बंगाली गद्य संस्कृताच्या ओझ्याने वाकलेले. ते ओझेही या माणसाने अडवले म्हणायचे. प्यारीचाँदांची पुढे गाजलेली कादंबरी आधी याच मासिकातून क्रमशः आली. गोलीय त्रिकोणमितीत बुडालेला माणूस रात्री बसून अर्धशिक्षित बायकांसाठी सोपे बंगाली लिहितो, हे चित्र मला शिखराच्या चित्राहून अधिक आवडते. अर्थात यात माझा स्वार्थ आहे. आमच्या मायला चौथीपर्यंतची अक्षरे येतात आणि माझ्या क्रमिक पुस्तकांतली भाषा तिला कळत नाही.

१८६२ साली ते निवृत्त झाले. कलकत्त्याच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये, आजच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात, त्यांनी गणित शिकवले. लग्न केले नाही. १७ मे १८७० रोजी चंद्रनगरजवळच्या गोंदलपाड्यात त्यांचा मृत्यू झाला. २००४ साली भारतीय डाक खात्याने महासर्वेक्षणाच्या स्मरणार्थ तिकिटे काढली, त्यांतल्या एका तिकिटावर राधानाथ आहेत.

हा लेख देण्यापूर्वी मी मायला सगळे सांगितले. कप ज्या गोष्टीवर मिळाला ती गोष्ट खोटी होती, धावत कोणी आले नव्हते, दोन फूटही कोणी वाढवले नव्हते. ती पऱ्हाटीच्या काड्या चुलीत सारीत होती. तिने विचारले, मजुरांसाठी साहेबाचे सामान अडवले आणि दंड झाला ते तरी खरे का? मी ते खरे असल्याचे सांगितले. मग कप राहू दे तिथेच, असे म्हणून तिने तव्यावरची भाकर उलटली.